मिरची कुणाला का आवडते?

कोल्हापुरात मिसळ खायला बसलात की आजूबाजूला जरूर बघा. एकाच टेबलावर दोन सख्खी भावंडं असतात. भाऊ म्हणतो, “काका, अजून थोडा कट वाढा!” बहीण पहिल्याच घासाला नाक पुसत पाणी मागते. घर एक, चटणी एक, मग असं का?

गंमत म्हणजे तिखट ही चवच नाही. ती वेदना आहे! मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेतल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन म्हणजे धोक्याची घंटा. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही गरम लागलं की ती वाजते. कॅप्सायसिन तीच घंटा गार रश्शातही वाजवतं. मेंदूला वाटतं तोंड भाजलं, आणि आपल्याला घाम फुटतो. हे प्रथिन शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

प्रथिन कसं बनवायचं, ते जनुकांत लिहिलेलं असतं. पक्ष्यांचं प्रथिन जरा वेगळं, म्हणून पोपट हिरवी मिरची खुशाल फस्त करतो. माणसामाणसांतही जनुकांमुळे फरक पडतो. फिनलंडमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला. ज्यांची जनुकं सारखीच असतात त्या एकसारख्या जुळ्यांची तिखटाची आवड इतर जुळ्यांपेक्षा जास्त जुळली. पण पूर्ण नाही बरं का!

उरलेलं काम कोण करतं? पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी मेक्सिकोतल्या एका गावात हेच पाहिलं. तिथली लहान मुलं मोठ्यांना चवीनं मिरची खाताना बघतात, हळूहळू चाखतात आणि मग त्यांना ती आवडायलाच लागते. त्याच गावातली कुत्री आणि डुकरं तेच तिखट उष्टं खातात, पण त्यांना काही त्याची गोडी लागत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं. वेदनेतही मजा घेणं माणूस माणसांकडून शिकतो!

आणि मिरची मुळात आपली नव्हेच. अमेरिका खंडातली ही मिरची सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी भारतात आणली. तेव्हा ‘कोल्हापुरी रक्तातच तिखट’ हे काही खरं नाही. ते आलं घरोघरच्या कांदा-लसूण चटणीतून.

तोंड पोळलं तर मात्र पाणी पिऊ नका. कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आणि स्निग्धांश त्याला धरून जिभेवरून नेतात. त्यासाठी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध एकदम झकास!