परीक्षा सुरांची, कसोटी रियाजाची

शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे निकाल लागले की बारामती आणि इंदापूर परिसरातील संगीत वर्गांमध्ये आनंदाचे वातावरण पसरते. कुणी प्रारंभिक परीक्षेत विशेष योग्यता मिळविलेली असते, कुणी मध्यमेपर्यंत मजल मारलेली असते, तर एखादी विद्यार्थिनी विशारद झालेली असते. गुलाबपुष्प देऊन सत्कार होतात, प्रमाणपत्रासह छायाचित्रे काढली जातात, आई-वडील आणि आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान झळकते. हे कौतुक योग्यच आहे. शाळा, गृहपाठ आणि शिकवणी सांभाळून रोज तानपुऱ्यासमोर किंवा तबल्यासमोर बसणे ही दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी सोपी गोष्ट नाही. तथापि, या यशाचे नेमके मोल काय आणि ते पुढे टिकावे कसे, याचा विचार सत्कार समारंभानंतर क्वचितच होतो. म्हणूनच या परीक्षांचे स्वरूप, त्यांचा इतिहास आणि त्यांच्या मर्यादा समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रारंभिक ते अलंकार

महाराष्ट्रात संगीत परीक्षा म्हटले की प्रामुख्याने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा डोळ्यांसमोर येतात. गायन, वादन आणि नृत्य या तिन्ही शाखांत त्या घेतल्या जातात. प्रारंभिक ही पहिली पायरी. त्यानंतर प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा चार टप्प्यांच्या प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण अशा दोन परीक्षा असतात. एकूण नऊ परीक्षांचा हा प्रवास. दरवर्षी एक परीक्षा दिली, तर प्रारंभिकपासून विशारद पूर्ण होण्यास सात वर्षे लागतात. अलंकारसाठी आणखी दोन वर्षे द्यावी लागतात.

सुरुवातीच्या परीक्षांत भर असतो तो प्रत्यक्ष गायन-वादनावर. परीक्षकांसमोर बसून सोप्या रागांतील बंदिशी गायच्या, आरोह-अवरोह सांगायचे, हातावर टाळी आणि खाली दाखवून ताल म्हणायचे, असे तिचे स्वरूप असते. त्रितालाच्या सोळा मात्रा, दादऱ्याच्या सहा, केरव्याच्या आठ हे गणित मुलाला तोंडपाठ असावे लागते, आणि तेच बोल दुगुनीत म्हणतानाही सम चुकता कामा नये. पुढच्या टप्प्यांवर लेखी परीक्षेची जोड मिळते. रागांची शास्त्रीय माहिती, दोन रागांमधील साम्य आणि भेद, बंदिशींचे स्वरलेखन, थोर संगीतकारांची चरित्रे असे विषय येतात. परीक्षकांनी एखादी स्वरावली गाऊन दाखवावी आणि विद्यार्थ्याने राग ओळखावा, हीदेखील परीक्षेची एक रीत आहे. केवळ पाठांतरावर प्रारंभिक पार पडू शकते, विशारद पार पडत नाही.

घरंदाज गाण्याची दारे उघडली

या परीक्षांची पाळेमुळे एका मोठ्या सामाजिक प्रयत्नात आहेत. एकोणिसाव्या शतकात राग-संगीत शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहणे, त्यांची सेवा करणे आणि त्यांची मर्जी होईल तेव्हा मिळेल तेवढी विद्या पदरात पाडून घेणे होय. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना ख्याल गायकीसाठी महाराष्ट्र सोडून ग्वाल्हेर गाठावे लागले. तेथे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून त्यांनी विद्या मिळविली आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविली. मिरजेत त्यांच्याकडे शिकलेल्या शिष्यांपैकी एक म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर.

पलुस्करांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या दृष्टीला इजा झाली, नेहमीचे शिक्षण थांबले आणि ते संगीताकडे वळले. संगीत समाजातील सर्व थरांपर्यंत पोहोचावे आणि गायकाला समाजात मान मिळावा, हा ध्यास त्यांनी घेतला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकाश्रयावर चालणारे हे संगीत विद्यालय होते. तेथे शाळेप्रमाणे वर्ग, अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा होत्या. मुलींसाठीही संगीत शिक्षणाची दारे उघडली. १९०८ मध्ये मुंबईत महाविद्यालय सुरू झाले. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली मुंबईची वास्तू गमवावी लागली, परंतु तोपर्यंत शिष्यांची एक पिढी तयार झाली होती. १९३१ मध्ये पलुस्करांचे निधन झाले आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन मंडळाची स्थापना केली. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. प्रा. बा. र. देवधर यांनी मुंबईत अध्यापनाबरोबरच संगीतविषयक लेखनाची परंपरा निर्माण केली.

याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या कलावंतांकडून बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत लिहिल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि हे शास्त्र मराठीतून ग्रंथबद्ध केले. या दोघा विष्णूंच्या कार्यामुळे जी विद्या एका घराच्या चार भिंतींत होती, ती छापील पुस्तकांच्या आणि ठरावीक अभ्यासक्रमाच्या रूपाने गावोगाव जाऊ शकली. पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवरील बारामतीत किंवा त्याहून दूर असलेल्या इंदापुरात राहणारी मुलगी आज जो अभ्यासक्रम शिकते, तोच मुंबईतील आणि पुण्यातील मुलगीही शिकते. दोघींचा परीक्षेचा मापदंडही एकच असतो. लहान गावांतील विद्यार्थ्यांसाठी संगीत परीक्षेचा हा सर्वांत मोठा लाभ होय.

या मातीतील संगीत

बारामती आणि इंदापूर हे तालुके ऊस, साखर कारखाने, द्राक्षे आणि डाळिंबे यांसाठी ओळखले जातात. पण येथे सूर-ताल बाहेरून आलेले नाहीत. कविवर्य मोरोपंत (१७२९ ते १७९४) यांची कर्मभूमी बारामती. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी महाराष्ट्रभर नेल्या. आर्या हे मात्रावृत्त असल्याने तिच्या रचनेत मात्रांचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. तालाच्या मात्रा बोटांवर मोजणाऱ्या विद्यार्थ्याला ही शिस्त परकी वाटू नये.

दुसरा वारसा वारीचा. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरकडे जाताना बारामती, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि इंदापूर असा मार्ग घेते. बेलवाडी आणि इंदापूरचे रिंगण पाहण्यासाठी पंचक्रोशीतील लोक लोटतात. टाळ, मृदंग आणि वीणा यांच्या साथीतील भजन येथील मुलांच्या कानांवर कळत्या वयापासून पडत असते. गावातील भजनी मंडळात पखवाजावर हात बसलेला मुलगा परीक्षेच्या अभ्यासाकडे वळतो, तेव्हा तो शून्यापासून सुरुवात करीत नाही. ठेका त्याच्या हातात असतोच. परीक्षेमुळे त्याला त्या ठेक्याचे नाव, त्याची मात्रासंख्या, विभाग आणि लेखन कळते. तबल्याप्रमाणेच पखवाजाच्याही परीक्षा होतात, ही गोष्ट ग्रामीण भागातील पालकांपर्यंत पोहोचण्याची गरज आहे.

गुणांचा मोह आणि दहावीचा अडथळा

संगीत परीक्षांकडे पालकांचा ओढा वाढण्यास आणखी एक कारण घडले. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला आणि चित्रकला यांत ठरावीक प्रावीण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची योजना राज्यात २०१७ च्या सुमारास सुरू झाली. कलाशिक्षणाला शालेय गुणपत्रिकेत स्थान मिळाले, ही स्वागतार्ह बाब होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला आणि मुख्य विषय यांतील भिंत दूर करण्याचा आग्रह धरला.

मात्र, या सवलतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाचवीत प्रारंभिक परीक्षा दिलेले मूल दरवर्षी एक पायरी चढत गेले, तर नववीत मध्यमा पूर्ण होते. विशारद तेथून अवघ्या दोन वर्षांवर असते. नेमक्या त्याच वळणावर दहावीचे वर्ष येते, शिकवणीच्या वेळा वाढतात आणि संगीताचा वर्ग सुटतो. दहावीनंतर पुन्हा सुरू करू, असे ठरते. नंतर अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षांची तयारी येते. पेटी कपाटावर जाते, तबल्याची शाई कोरडी पडते. वाढीव गुण पदरात पडले की संगीताचे काम झाले, अशी समजूत घरात रुजली असेल, तर मुलालाही परतण्याचे कारण उरत नाही. संगीताची गोडी खऱ्या अर्थाने लागते ती याच टप्प्यावर. पाठ केलेल्या आलाप-तानांतून बाहेर पडून स्वतःचा विस्तार करू पाहण्याचे, रागाचे रूप आतून समजण्याचे हे वय. पाच वर्षांची मेहनत फळाला येण्याच्या सुमारास सोडून दिली जाते, हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

बुद्धी वाढते का?

संगीत शिकल्याने मूल गणितात हुशार होते, स्मरणशक्ती वाढते, असे दावे वारंवार केले जातात. संशोधनाचे चित्र इतके सरळ नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षभर संगीत शिकलेल्या सहा वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यंकात अल्पशी अधिक वाढ आढळली होती. पण २०२० मध्ये जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी ५४ अभ्यासांतील सुमारे सात हजार मुलांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा काटेकोर पद्धतीने केलेल्या अभ्यासांत असा परिणाम जवळपास दिसला नाही. ऐकण्याच्या क्षमतेबाबत निष्कर्ष अधिक आशादायक आहेत. अमेरिकेतील नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील गरीब वस्त्यांतील मुलांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षे संगीत शिकलेल्या मुलांचा मेंदू बोलण्यातील बारीक ध्वनिभेद अधिक स्पष्टपणे टिपू लागला होता. एका वर्षाच्या शिक्षणाने मात्र हा फरक पडला नव्हता.

यातून पालकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. गणिताच्या गुणांसाठी गणितच शिकावे. संगीत शिकायचे ते संगीतासाठी. त्यातून मिळणाऱ्या गोष्टी कमी मोलाच्या नाहीत. एकाग्रतेने ऐकणे, साथीदाराचे भान ठेवून आपला भाग वाजविणे, रोज थोडी प्रगती होते यावर विश्वास ठेवणे आणि चार लोकांसमोर न डगमगता बसणे, हे सारे रियाजातून अंगी बाणते. दुःखाच्या किंवा एकटेपणाच्या क्षणी सोबत करणारी एखादी धून जवळ असणे, याची किंमत तर प्रौढ वयातच कळते.

प्रमाणपत्रानंतर काय?

परीक्षेची मर्यादाही मान्य करावयास हवी. ठरावीक मिनिटांत ठरावीक राग विचारले जातात, म्हणून तेवढेच राग ठरावीक तानांसह बसविण्याकडे कल होतो. मैफलीतील उत्स्फूर्तता प्रश्नपत्रिकेत मावत नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी लहान वयात घर सोडून गुरूचा शोध घेतला. त्यांचे मोठेपण कोणत्याही परीक्षेने ठरविलेले नाही. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याने मैफलीचा कलावंत व्हावे, अशी अपेक्षाही नाही. तानसेन घडले नाहीत तरी कानसेन घडावेत, हा विचार पलुस्करांच्या नावाने सांगितला जातो. समजून ऐकणारा श्रोता तयार होणे, हेही संगीत शिक्षणाचे फलित आहे. जाणता श्रोतृवर्ग असेल, तरच बारामती-इंदापूरसारख्या ठिकाणी चांगल्या मैफली वरचेवर होतील आणि पुढच्या पिढीला उत्तम संगीत प्रत्यक्ष ऐकायला मिळेल.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. दहावीच्या वर्षात परीक्षा देणे शक्य नसेल तर नको, पण रोजची वीस मिनिटे रियाजासाठी राखून ठेवता येतात. आठवड्यातून एकदा गुरूंकडे जाण्याचा नेम मोडू नये. घरात एखादे ध्वनिमुद्रण सर्वांनी मिळून ऐकावे आणि मुलाला त्यातील राग, ताल ओळखू द्यावा. गणेशोत्सवात आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत ध्वनिमुद्रित गाण्यांवरील नाचांबरोबरच, परीक्षा दिलेल्या मुलांना प्रत्यक्ष गायन-वादनासाठी दहा मिनिटे मिळावीत. संगीत वर्गांनी सत्काराच्या दिवशीच मुलांची छोटी मैफल ठेवली, तर टाळ्या गुणांसाठी न पडता गाण्यासाठी पडतील.

परीक्षेत यश मिळविलेल्या मुलांचे अभिनंदन करताना पालकांनी त्यांना पुढची परीक्षा कधी, एवढेच विचारू नये. आज काय गायलास, जरा म्हणून दाखव, असे म्हणून शेजारी बसावे. घरातून रोज अशी विचारणा होत राहिली, तर दहावीचे वर्ष उलटल्यावरही पेटी कपाटावर जाणार नाही आणि विशारदच्या उरलेल्या दोन पायऱ्या चढणे अवघड वाटणार नाही.