विंडोजसोबत आलेला पहारेकरी

नवा लॅपटॉप घेतला की दुकानदाराचा प्रश्न ठरलेला, ‘अँटिव्हायरस टाकून देऊ?’ गिऱ्हाईकही तयारीचं असतं, ‘विंडोजमध्ये फुकट आहे की!’ पुण्यात, म्हणजे क्विक हील अँटिव्हायरसच्या गावात, हा संवाद जरा बोचतोच. मग चहावर निष्कर्ष निघतो, मायक्रोसॉफ्टने लबाडी केली.

सोबत देणं म्हणजे लबाडीच, हा पहिला गैरसमज. स्पर्धा कायदा, 2002 चं कलम 4 बाजारातलं वर्चस्व रोखत नाही, वर्चस्वाचा गैरवापर रोखतं. एका मालाबरोबर दुसरा गळ्यात मारणं त्यात येतं. विंडोजमधल्या डिफेंडर या फुकट अँटिव्हायरसविरुद्धची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने 2025 मध्ये फेटाळली. का, ते लॅपटॉपवरच दिसतं. दुसरा अँटिव्हायरस टाका आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. तिथे त्या नव्याचं नाव आलेलं असतं, डिफेंडर आपणहून बाजूला झालेला असतो. म्हणजे दार उघडं आहे.

फुकट माल आला की स्थानिक कंपनी संपली, असंही म्हणतात. क्विक हीलचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकट्या भावाने, संजय यांनी, अँटिव्हायरस लिहिला, तो 1995 च्या सुमारास बाजारात आला. गंमत अशी, की मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस 6 सोबत 1993 पासूनच एक अँटिव्हायरस येत होता! तरीही काटकरांचा खपला, आणि 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. अर्थात, तेव्हाचा तो फुकटा दुबळा होता. विंडोज 95 मध्ये तो दिसलाही नाही. विंडोज 8 पासूनचा डिफेंडर बराच दमदार आहे, त्यामुळे आजची लढाई अवघड, हे मान्य. पण अवघड लढाई आणि अन्यायाची लढाई यांत फरक आहे.

‘नको असेल तर दुसरं डाउनलोड करा, तक्रार कसली?’ हा युक्तिवाद मात्र मला सर्वांत फसवा वाटतो. अँड्रॉइड फोन हातात घ्या आणि यूट्यूब काढून पाहा. बहुतेक फोनवर ‘अनइन्स्टॉल’ मिळतच नाही, फार तर ‘डिसेबल’. ही मेख गूगल आणि फोन कंपन्यांमधल्या करारात होती. प्ले स्टोअरशिवाय फोन विकणार कसा? आणि प्ले स्टोअर हवं तर सर्च, क्रोम, यूट्यूबसह गूगलचा अख्खा संच घ्यायचा, तोही ठरलेल्या ठळक जागी. ग्राहकाची निवड दुकानात पाऊल टाकण्याआधीच झालेली. आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी गूगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाने दिलेल्या दहापैकी चार निर्देश रद्द केले, पण दंडाला हात लावला नाही. अ‍ॅप सुटी घ्यायची मुभा फोन कंपन्यांना देण्याची घोषणा गूगलने त्याआधीच, जानेवारीत केली होती.

तेव्हा विचारायचा प्रश्न ‘सोबत काय दिलं’ हा नाही, ‘दुसऱ्याला कुठे अडवलं’ हा आहे.

आणि वेगळं करून विकायला लावलं की प्रश्न मिटला, असंही समजू नका. युरोपीय आयोगाने 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टला 49.7 कोटी युरो दंड करून मीडिया प्लेअरविना विंडोज विकायला लावलं. मायक्रोसॉफ्टने विकलं, पण किंमत तीच ठेवून. पैसे तेवढेच आणि वस्तू एक कमी; गिऱ्हाईक त्याकडे फिरकलंच नाही. पुणेकर तर नक्कीच फिरकला नसता.