कानस: लेथशिवाय लोखंडाला आकार

जुन्या शिलाई मशीनचा खटका मोडतो. दुकानदार सांगतो, "आता हा पार्ट येत नाही." लेथवाल्याला एका नगासाठी मशीन थांबवणं परवडत नाही. अशा वेळी घरात व्हाइस, हॅक्सॉ, ड्रिल आणि दोन-तीन चांगल्या कानशी असतील तर तो खटका घरीच घडवता येतो. यातलं मुख्य हत्यार कानस. व्हाइस फक्त धरतो, करवत फक्त तोडते. वस्तूला तिचं नेमकं माप कानस देते.

कानस म्हणजे भरपूर कार्बन असलेलं पोलाद. दात पाडेपर्यंत ते मऊ ठेवतात, मग तापवून पाण्यात विझवतात. त्याने दात कमालीचे कडक होतात, पण अंगही ठिसूळ होतं. म्हणून कानशीने पटाशीसारखं उचकटू नये आणि तिच्यावर हातोडा मारू नये. मूठ बसवायची शेपटी मुद्दाम मऊ ठेवलेली असते. बिनमुठीची कानस वापरणं म्हणजे तळहातात शेपटी घुसवून घेण्याची तयारी.

यंत्रं येण्यापूर्वी हे दात छिन्नीने एकेक करून पाडत. इंग्लंडमधलं शेफिल्ड त्यासाठी प्रसिद्ध होतं. तिथले कारागीर कानस शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून ठोकत, आणि शिशाची विषबाधा हा त्यांच्या धंद्याचा आजार ठरला. आज हे काम यंत्रं करतात. आपल्याकडे रत्नागिरी आणि चिपळूणला कानशींचे कारखाने आहेत आणि त्यांचा माल परदेशातही जातो.

हाताने घासून अचूक काम होईल का, ही शंका रास्त आहे. पण ज्या यंत्रांच्या अचूकपणावर आपण विसंबतो, ती मुळात हातानेच अचूक झाली. हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) हा लेथला आजचं रूप देणाऱ्यांतला एक. तो स्वतः कानशीचा उस्ताद होता. त्याच्या लंडनच्या कारखान्यात कारागिरांजवळ सपाट प्रमाण-पाट ठेवलेले असत; घासलेला भाग त्यांच्यावर टेकवून पाहायचा आणि उंचवटा दिसेल तिथेच पुन्हा घासायचं. तिथेच काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये खरा सपाट पृष्ठभाग कसा मिळवायचा ते मांडलं. दोन पाट एकमेकांशी तंतोतंत जुळले तरी एक फुगीर आणि दुसरा खोलगट असू शकतो. तीन पाट आलटून पालटून एकमेकांशी जुळवले की मात्र तिन्ही सपाटच व्हावे लागतात. अचूकपणा येतो तो तपासण्यातून, यंत्र त्यानंतरचं.

घरीही हीच रीत चालते. तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या. मोरचुदाच्या पाण्याचा हात फिरवला की स्वच्छ लोखंडावर तांब्याचा पातळ थर बसतो, आणि त्यावर टोकदार सुईने ओढलेली रेघ चमकून दिसते. रेघेच्या जरा बाहेरून हॅक्सॉने कापा. आतला आकार काढायचा असेल तर ओळीने भोकं पाडा आणि मधले दुवे छिन्नीने तोडा. मग बास्टर्ड म्हणजे जाड दातांच्या कानशीने रेघेजवळ या आणि स्मूथ म्हणजे बारीक दातांच्या कानशीने रेघ गाठा.

कानशीचे दात पुढे झुकलेले असतात, त्यामुळे ती पुढे जातानाच कापते. परत आणताना दाब सोडायचा. व्हाइस कोपराच्या उंचीवर असावा. नवशिक्याची कानस झोके घेते आणि कडा उतरत्या होतात. त्यावर उपाय म्हणजे दर थोड्या वेळाने गुण्या लावून उजेडाकडे धरणं. फट दिसली की चूक कुठे ते कळतं. दातांत कीस अडकला तर कामावर ओरखडे उठतात. खडू घासलेली कानस कमी तुंबते. नवी कानस आधी पितळेसाठी वापरावी, धार थोडी गेली की लोखंडावर घ्यावी.

गोल टोकासाठी फिटरची जुनी युक्ती आहे. टोकाजवळच्या भोकातून बोल्ट घालून दोन्ही बाजूंना हव्या त्या मापाच्या कडक पोलादाच्या चकत्या आवळायच्या आणि चकतीला टेकेपर्यंत घासायचं. कडक पोलादावर कानस घसरते, आणि ती घसरली की थांबायचं.

मर्यादाही आहेत. गिअर किंवा नेमक्या मापाचा लांब शाफ्ट घरी घासून करण्याच्या भानगडीत पडू नये. साध्या पट्टीला कितीही तापवून विझवलं तरी ती कडक होत नाही. झिजणाऱ्या भागासाठी जास्त कार्बनचं पोलादच लागतं. आट्यांसाठी टॅप आणि डाय घ्यावे लागतात, तेही हातानेच चालतात.

आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये आजही सुरुवात लोखंड घासण्यापासूनच होते, ती उगाच नाही. ज्याला एक कड सरळ करता येते, त्याला यंत्राने केलेली चूकही दिसते. घरी सुरुवात करायची असेल तर लगेच खटका करायला घेऊ नका. पट्टीचा एक तुकडा घ्या, त्याच्या दोन कडा एकमेकींशी काटकोनात आणा आणि गुण्याखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत सोडू नका.