एक ठोका कमी
एकच खुर्ची आणि त्यावर बसलेले दोन ड्रमर. एकाला सोलोचं वेड, दुसऱ्याला सोलोचा कंटाळा. दोघांच्या हातांची ही गोष्ट. आणि थोडी माझ्या हातांचीही!

‘‘तू भारी वाजवतेस गं. पण आम्हाला आमचं गाणंच ऐकू येत नाही.’’

इतक्या गोड शब्दांत मला बँडमधून डच्चू मिळाला. आम्ही पाच जण होतो. दोन आयटीवाले, एक बँकेतला, एक सीए आणि मी. शनिवारी रात्री, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या एका खोलीत आमचा कल्ला चालायचा. मी पुण्याच्या ढोलपथकातून आलेली. पाच वर्षं लक्ष्मी रोडवर खांदा भरून येईपर्यंत टिपरू चालवलेलं. त्यामुळे ड्रम सेटवर बसल्यावर मोकळी जागा दिसली की मी ती भरायचेच. गायकानं श्वास घेतला, की माझं धडाडधूम!

जाम चिडून ड्रमच्या सरांना फोन केला. वाटलं, सर माझी बाजू घेतील. ते एवढंच म्हणाले, ‘‘चार्ली वॉट्सचा उजवा हात बघ. बाकी काही बघू नकोस.’’

आठातले दोन गायब

रोलिंग स्टोन्सच्या कॉन्सर्टचे व्हिडिओ लावून तीन रात्री मी तो हात बघितला. काय आहे त्यात? तुम्हीच करून बघा. बॉस आसपास नसेल तर आत्ता, डेस्कवर.

एक-दोन-तीन-चार मोजा. उजवा पाय एक आणि तीनवर आपटा, तो बास ड्रम. डावा हात दोन आणि चारवर, तो स्नेअर. उजव्या हातानं सलग आठ ठोके द्या, तो हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडमीट होणारी झांजांची जोडी. झाला तुमचा रॉकचा ठेका. जगातली निम्मी गाणी यावर वाजवता येतील.

आता चार्लीची गंमत. दोन आणि चारवर, स्नेअर वाजतो त्याच क्षणी, त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून उचललेला असतो. आठातले दोन ठोके तो वाजवतच नाही. त्यामुळे स्नेअर एकटा, स्वच्छ ऐकू येतो. ठेक्याला एक हलकासा हेलकावा मिळतो, आणि कुठे बदल झालाय हे कळायच्या आत तुमचं डोकं डोलायला लागतं.

त्यात आणखी एक फंडा. बहुतेक बँड ड्रमरच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये ड्रमरच कीथ रिचर्ड्सच्या गिटारच्या मागे चालायचा, केसभर उशिरा. आपल्याकडे ठुमरीत तबलजी गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत संगत करतो ना, साधारण तसं.

बॅन्जोचा झाला ड्रम

हा माणूस मुळात रॉकवाला नव्हताच. जन्म १९४१ चा, लंडनचा. लहानपणी जेरी मलिगनच्या रेकॉर्डवर चिको हॅमिल्टनचे ब्रश ऐकले आणि वेडा झाला. हाताशी एक बॅन्जो होता. चार्लीनं त्याची मान काढली आणि उरलेल्या गोल भागाचा ड्रम केला! १९६३ च्या जानेवारीत स्टोन्समध्ये आला, त्याआधी तो जाहिरात क्षेत्रात ग्राफिक डिझायनर होता. म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच ऑफिसवाला.

पुढे अख्खं जग बँडच्या मागे लागलं, तरी हा सूट शिवून घ्यायचा, १९६४ साली लग्न केलेल्या बायकोशी शेवटपर्यंत संसार करायचा आणि दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलच्या पलंगावर झोपला त्याचं चित्र वहीत काढायचा. गाड्या गोळा केल्या, पण लायसन्स नव्हतं. ड्रम सेटही छोटा, चार ड्रमचा, ग्रेट्श कंपनीचा. स्टेडियममध्ये हजारो माणसं आणि मागे एवढासा सेट!

गरीब गाय समजू नका हं. कीथनं आत्मचरित्रात एक किस्सा सांगितलाय. ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात मध्यरात्री मिक जॅगरनं खोलीत फोन करून ‘माझा ड्रमर कुठाय’ अशा थाटात चार्लीला बोलावलं. चार्ली उठला, दाढी केली, सूट-टाय चढवला, खाली आला आणि मिकला एक ठोसा लगावला. तो त्याचा ड्रमर नव्हता, हे सांगायला एक ठोका पुरेसा होता.

त्याच खुर्चीवर जिंजर

आता गोष्टीतला दुसरा माणूस. स्टोन्सच्या आधी चार्ली ॲलेक्सिस कॉर्नरच्या ‘ब्लूज इनकॉर्पोरेटेड’मध्ये वाजवायचा. १९६२ मध्ये त्यानं ती जागा सोडली. तिथं आला जिंजर बेकर. तोही लंडनचा, तोही जॅझवेडा. बाकी सगळं उलटं.

जिंजरला आधी सायकल रेसर व्हायचं होतं. ते पाय पुढे दोन-दोन बास ड्रमवर चालले. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन आणि जॅक ब्रूसबरोबर त्यानं ‘क्रीम’ काढला. त्याचं ‘टोड’ लाइव्ह ऐका, १९६८ च्या ‘व्हील्स ऑफ फायर’मधलं. ट्रॅक सोळा मिनिटांचा आणि त्यातला बहुतेक सगळा ड्रम सोलो. मला तर आमचा ताशा आठवला. तसाच तडतडणारा, तसाच कुणाच्या बापाला न ऐकणारा.

स्वभावही तसाच. जॅक ब्रूसशी भांडणं हातघाईवर यायची. दोन वर्षांत बँड संपला. पुढे नायजेरियात जाऊन फेला कुटीबरोबर वाजवलं, पोलोच्या घोड्यांवर पैसा उधळला. त्याच्यावर २०१२ मध्ये एक डॉक्युमेंटरी आली. त्यात तो दिग्दर्शकाच्याच नाकावर काठी हाणतो! मला कुणी रॉक ड्रमर म्हटलं, की राग येतो, हे त्याचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं. २०१९ मध्ये तो गेला.

मग जिंजर चूक आणि चार्ली बरोबर? सुरुवातीला मलाही तसंच वाटलं. पण क्रीममध्ये माणसं तीनच. तिथं जागा रिकामीच होती, भरायला कुणीतरी हवं होतं. ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’मध्ये तर त्यानं नेहमीच्या दोन-चारऐवजी एक आणि तीनवर वजन टाकलं. सोपा ठेका, पण अख्खं गाणं त्यावर उभं.

‘द हू’चा कीथ मून घ्या. हाय-हॅटशी त्याचं फारसं जमायचंच नाही. गायकाच्या ओळीवर ओळ वाजवत सुटायचा. ते खपलं, कारण लय सांभाळायला पीट टाउनशेंडची गिटार होती. आणि लेड झेपलिनचा जॉन बोनहॅम? राक्षसासारखा आवाज. पण १९७१ चं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ नीट ऐका. एका जुन्या घराच्या हॉलमध्ये ड्रम मांडले, माईक वर जिन्यात टांगले. ठोके मोजकेच. मधल्या जागेत तो हॉल घुमतो. माझ्या डोक्यात तेव्हा ट्यूब पेटली. जोरात वाजवणं वेगळं, जास्त वाजवणं वेगळं. माझा प्रॉब्लेम दुसरा होता.

मून आणि बोनहॅम, दोघंही बत्तिसाव्या वर्षी गेले. एक १९७८ मध्ये, दुसरा १९८० मध्ये. एकाच्या मागे दारू सोडवण्याच्या गोळ्या, दुसऱ्याच्या मागे दारू. मी अठ्ठावीसची आहे. हा हिशेब केला त्या रात्री वाजवलं नाही. चार्ली २०२१ मध्ये गेला, ऐंशी वर्षांचा होऊन.

काकूंचा रिव्ह्यू

चार महिने मी फक्त हात उचलायला शिकले. हसू नका! पथकाच्या हाताला न वाजवणं शिकवणं म्हणजे पुणेकराला हॉर्न न वाजवायला शिकवण्यासारखं आहे. गेल्या महिन्यात बँडचा नवा ड्रमर ऑनसाइटला गेला आणि मला एका गाण्यापुरतं बोलावणं आलं. वाजवलं. दोन आणि चारवर हात वर. गाण्यानंतर ड्रमबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गायकाचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. तो म्हणाला, ‘‘पुढच्या शनिवारी येतेस ना?’’

पण खरा रिव्ह्यू मिळाला जिन्यात. प्रॅक्टिस पॅडच्या टकटकीवरून सोसायटीत दोनदा तक्रार करणाऱ्या खालच्या काकू भेटल्या. काळजीनं म्हणाल्या, ‘‘काय गं, सोडलंस का वाजवायचं?’’

‘‘नाही काकू,’’ मी म्हटलं, ‘‘रोज वाजवते.’’

कानाला लावा
• हॉन्की टाँक विमेन (रोलिंग स्टोन्स, १९६९): आधी निर्माता जिमी मिलरची काउबेल, मग चार्ली.
• सनशाइन ऑफ युवर लव्ह (क्रीम, १९६७): जिंजर, शिस्तीत!
• अ लव्ह सुप्रीम (जॉन कोलट्रेन, १९६५): ड्रमवर एल्विन जोन्स. जॅझमध्ये ठेका किती मोकळा असू शकतो ते कळेल.
• चार्ली वॉट्स–जिम केल्टनर प्रोजेक्ट (२०००): ट्रॅकना नावं आवडत्या ड्रमर्सची. सोलोचा कंटाळा असलेल्या माणसानं गुरूंना केलेला नमस्कार.