कर्नेलची जुळणी : प्रश्न कमी, समज अधिक

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. लांबलचक फॉर्म हाती पडला की खातेदार गोंधळतो. निम्मे रकाने त्याला लागूच नसतात. पण कोणते, हे फॉर्म सांगत नाही. संगणकाच्या जगातही अशाच एका फॉर्मची गोष्ट आहे. विद्यार्थी मित्रांनी ती समजून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम काम करते. तिचा गाभा म्हणजे कर्नेल. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स कर्नेल लिहिण्यास सुरुवात केली. तो सर्वांना खुला असल्याने कोणीही आपल्या यंत्रापुरता बेतून घेऊ शकतो.

बेतायचा म्हणजे प्रश्नांची उत्तरे द्यायची. 'वाय' म्हणजे हा भाग गाभ्यातच घाला, 'एम' म्हणजे वेगळे मॉड्यूल ठेवून लागेल तेव्हा जोडा, 'एन' म्हणजे नको. जुन्या 'मेक कॉन्फिग' पद्धतीत प्रश्न एकामागून एक येत आणि मागे फिरण्याची सोय नसे. डिस्कच्या ड्रायव्हरलाच चुकून 'नको' म्हटले, तर नव्या कर्नेलवर यंत्र सुरूच होत नसे! पुढे मेनूची पद्धत आली. पण निवड कशी करावी, हा प्रश्न उरलाच.

२००० साली एरिक रेमंड यांनी पायथॉन भाषेत 'सीएमएल-२' ही नवी व्यवस्था लिहायला घेतली. संगणकातले काही न कळणाऱ्या 'आंट टिली' या कल्पित बाईंनाही कर्नेल जुळवता यावा, असा त्यांचा आग्रह. विरोधक म्हणाले, त्या बाईंना तयार कर्नेल मिळतोच. शिवाय सारेच एकदम का बदलायचे? ती व्यवस्था स्वीकारली गेली नाही. २००२ मध्ये रोमन झिपेल यांची 'केकॉन्फिग' आली. तीच आजही चालते.

तिच्यात प्रत्येक पर्यायाचे अवलंबन नोंदवलेले असते. मूळ पर्याय नाकारला की त्यावर अवलंबून असलेले प्रश्न विचारलेच जात नाहीत. बऱ्याच पर्यायांना मदतीचा मजकूर असतो. 'ओल्डकॉन्फिग' जुनी उत्तरे जपून फक्त नवे प्रश्न विचारते. २००९ च्या २.६.३२ आवृत्तीपासूनची 'लोकलमॉडकॉन्फिग' त्या क्षणी वापरात असलेली मॉड्यूल ठेवून बाकीची वगळते. मात्र पेनड्राइव्हसारखी नेहमीची उपकरणे आधी जोडून ठेवावीत, नाहीतर त्यांचेही मॉड्यूल गळते.

आज पर्याय दहा हजारांहून अधिक आहेत. तरीही जुना संगणक घेतलेला विद्यार्थी हे काम घरी शिकू शकतो. जुना चालणारा कर्नेल जपून ठेवावा आणि एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे चूक झाली तरी परतता येते.

आंट टिलींना कर्नेल जुळवावा लागू नये, हे आम्हांलाही पटते. परंतु ज्याला शिकायचे आहे, त्याला किचकट फॉर्मने दारातूनच परत पाठवू नये. जाणकाराने नियम एकदा नीट लिहून ठेवले, तर हजारोंचे श्रम वाचतात. काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्या आम्हांलाही हा धडा घेण्यासारखा आहे.