एक अंश म्हणजे किती किलोमीटर?

शेततळ्याचे छायाचित्र, घरकुलाच्या पायाची नोंद, वनहक्क दाव्यातील जमिनीचा नकाशा, माजी मालगुजारी तलावाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव अशा कागदांवर अलीकडे दोन संख्या हटकून आढळतात. पहिली अक्षांशाची, दुसरी रेखांशाची. ग्रामपंचायतीच्या दप्तरात या संख्या लिहिल्या जातात, वर पाठविल्या जातात. परंतु त्या संख्यांत जमिनीवरील किती अंतर सामावले आहे, याचा विचार क्वचितच होतो. गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात तो येथे करावयाचा आहे.

गोंदिया शहर साधारणपणे २१ अंश २७ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ८० अंश १२ मिनिटे पूर्व रेखांश यांवर वसले आहे. शहरापासून नेमके एक अंश उत्तरेस गेले तर सुमारे ११०.७ किलोमीटरचे अंतर कापावे लागेल. मात्र तेथूनच एक अंश पूर्वेस गेले तर अंतर केवळ १०३.६ किलोमीटर भरेल. अंश दोन्हीकडे एकच, अंतर मात्र सात किलोमीटरने कमी.

याचे कारण सोपे आहे. अक्षवृत्ते परस्परांना समांतर असतात, म्हणून त्यांच्यातील अंतर जवळजवळ सर्वत्र सारखेच राहते. रेखावृत्ते मात्र संत्र्याच्या फोडींप्रमाणे दोन्ही ध्रुवांवर एकत्र येतात. विषुववृत्तावर रेखांशाच्या एका अंशाचे अंतर १११.३ किलोमीटर असते. ६० अंश अक्षांशावर ते जवळजवळ निम्मे होते आणि ध्रुवावर शून्य. एखाद्या ठिकाणी ते किती भरेल हे काढण्यासाठी विषुववृत्तावरील अंतरास त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोज्येने गुणावे. आपल्याकडील ज्योतिर्गणितास हा नियम नवा नाही. स्थानाची ‘स्पष्ट’ भूपरिधी काढताना लंबज्येने गुणून त्रिज्येने भागावे, अशी रीत सूर्यसिद्धान्तात दिलेली आहे आणि तिचा अर्थ हाच होय.

आपल्या राज्यातच हा फरक दिसतो. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी, म्हणजे १५ अंश ४४ मिनिटांवर, रेखांशाचा एक अंश १०७.२ किलोमीटरचा आहे, तर उत्तर टोकाशी, २२ अंश ६ मिनिटांवर, तो १०३.२ किलोमीटरचा होतो. नकाशावरील उभ्या रेषा समांतर आहेत असे विद्यार्थी सहज गृहीत धरतात. तेव्हा शिक्षकांनी पृथ्वीगोल हाती घेऊनच हा पाठ शिकवावा, हे बरे.

अक्षांशाचे अंतर ‘जवळजवळ’ सारखे, असे वर म्हटले, ते जाणूनबुजून. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. त्यामुळे विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश ११०.६ किलोमीटर, तर ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर भरतो. एका अंशाची ही लांबी प्रत्यक्ष मोजण्याच्या इतिहासात विदर्भाच्या भूमीला स्थान आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला आणि ७८व्या रेखावृत्ताच्या आसपास ते काम वीस वर्षे उत्तरेकडे नेले. नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधीही तेथेच आहे. पुढे ते काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचविले. एव्हरेस्ट यांचे नाव शिखरामुळे घरोघरी पोहोचले, लॅम्बटन यांचे मात्र हिंगणघाटातही फारसे कोणाला ठाऊक नसावे.

या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचे जे गणित सिद्ध झाले, त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे शतकाहून अधिक काळ आधारलेले होते. जीपीएस यंत्र मात्र डब्ल्यूजीएस-८४ हे वेगळे गणित वापरते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराचे नकाशे याच पद्धतीवर येऊ लागले. तथापि जुना नकाशा आणि जीपीएसचे आकडे तसेच एकमेकांवर ठेवले, तर आपल्या भागात शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. बांधावरून भांडण होण्यास एवढे अंतर पुरेसे आहे!

आता कार्यालयीन नोंदींकडे वळू. सर्वांत मोठी गफलत होते ती मिनिटे आणि दशांश यांत. एका अंशाची ६० मिनिटे होतात; म्हणून २१ अंश २७ मिनिटे म्हणजे २१.४५ अंश, २१.२७ नव्हे. त्याचप्रमाणे ८० अंश १२ मिनिटे म्हणजे ८०.२० अंश. जर कोणी गोंदियाची नोंद २१.२७ आणि ८०.१२ अशी केली, तर ते स्थान २० किलोमीटर दक्षिणेस आणि ८ किलोमीटर पश्चिमेस सरकते. काम प्रत्यक्ष झालेले असूनही तपासणीत ते दुसऱ्याच गावाच्या शिवारात दिसते आणि खुलासा मात्र ग्रामसेवकास द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न दशांश स्थळांचा. तिसऱ्या दशांश स्थळातील एका एककाने गोंदियात उत्तर-दक्षिण सुमारे १११ मीटर व पूर्व-पश्चिम १०४ मीटरचा फरक पडतो. एक एकराचा चौरस तुकडा प्रत्येक बाजूस जेमतेम ६४ मीटरचा असतो. तेव्हा तीन स्थळांपर्यंतच लिहिलेल्या आकड्याने एकराचे शेत ओळखता येणार नाही. चौथ्या स्थळावर हे अंतर १०-११ मीटरपर्यंत येते, पाचव्यावर एका मीटरच्या आसपास. साध्या भ्रमणध्वनीची अचूकता काही मीटरांचीच असल्याने त्यापुढील आकडे लिहून विशेष काही साधत नाही.

क्षेत्रफळाची बाब याहून नाजूक आहे. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश चौकटीच्या कागदावर मांडताना दोन्ही अंशांना एकच माप दिले, तर पूर्व-पश्चिम लांबी सुमारे सात टक्क्यांनी फुगते आणि क्षेत्रही तितकेच फुगते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे. ज्याची प्रत्यक्ष वहिवाट ३.८० हेक्टरवर आहे, त्याचे क्षेत्र या चुकीच्या मांडणीत ४.०६ हेक्टर दिसेल, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. दावेदाराचा यात तिळमात्र दोष नसतो. आपल्या भागात हाताने नकाशा काढताना पूर्व-पश्चिम अंतराला ०.९३६ ने गुणावे. एवढ्याने ही चूक टळते.

रेखांशाचे अंतर वेळेतही मोजता येते. एका रेखांशास चार मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे रेखांशाची आहे, म्हणून गोंदियाची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ९ मिनिटे मागे, तर मुंबईची जवळजवळ ३९ मिनिटे मागे. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक लोहमार्ग कापून गोंदियास येते. सरळ रेषेत मात्र हे अंतर सुमारे ८२० किलोमीटर आहे. गोंदियाच्या डोक्यावर सूर्य मुंबईच्या अर्धा तास आधी येतो.

शाळांसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास एक मीटर उंचीची काठी सपाट अंगणात ओळंब्यात उभी करावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. गोंदियात ती ३९ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, गडचिरोलीत सुमारे ३७. दोन्ही शाळांनी आपापल्या सावलीवरून अक्षांश काढून, त्यांच्या फरकाने दोन गावांमधील उत्तर-दक्षिण अंतरास भागावे. एका सेंटिमीटरच्या चुकीनेही उत्तर बरेच ढळते, म्हणून काठी उंच घ्यावी आणि सावली निदान तीन दिवस मोजावी.