माळवदी घराची अंतर्गत सजावट (बीड जिल्हा)

माळवदी घराची अंतर्गत सजावट ही महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील मातीच्या सपाट छताच्या घरांमध्ये विकसित झालेली गृहसजावटीची परंपरा आहे. बीड जिल्ह्यातील जुन्या गावठाणांत, तसेच अंबाजोगाई, धारूर, परळी यांसारख्या जुन्या वस्त्यांत तिचे अवशेष आजही आढळतात. उघडे लाकडी खांब, जाड भिंतीतील कोनाडे व देवळ्या, पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंती आणि त्यांवर मोजक्या जागी वापरलेले गेरू, निळा, हिरवा व पिवळा हे ठळक रंग ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत.

या परंपरेत सजावट आणि बांधकाम या दोन वेगळ्या गोष्टी नसतात. वस्तू ठेवण्याची जागा भिंतीच्या जाडीतून निर्माण होते, तर शोभा छत पेलणाऱ्या लाकडातून येते. सिमेंट-काँक्रीटच्या घरांचा प्रसार झाल्यावर माळवदी घरातील रंग नव्या घरात आले. मात्र भिंतीची जाडी आणि तिच्याशी जोडलेली मांडणी मागे राहिली.

पार्श्वभूमी

बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांमध्ये व गोदावरीच्या दक्षिणेकडील पठारी प्रदेशात वसलेला आहे. येथील पाऊस कमी व अनिश्चित असून उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. काळा दगड आणि माती मुबलक असल्याने दगड-मातीच्या जाड भिंती व मातीचे सपाट छत ही या हवामानास अनुकूल रचना ठरली. जाड भिंत व छत दिवसाची उष्णता आत येण्यास विलंब लावतात. उन्हाळ्यात माळवदाचा उपयोग रात्री झोपण्यासाठी आणि दिवसा धान्य, पापड व कुरडया वाळवण्यासाठी होतो.

मराठवाड्याच्या ग्रामीण भाषेत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गाव वसलेल्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. छतावर पसरण्यासाठी आणि भिंती पोतारण्यासाठी लागणारी पांढरी माती गावपरिसरातूनच मिळवली जात असे. घराचा मूळ रंग अशा रीतीने गावाच्या मातीनेच ठरवला.

रचना आणि अंतर्भाग

माळवदी घराचे माप ‘खण’ या एककात सांगितले जाते. खांबांच्या ओळींमधील एक गाळा म्हणजे एक खण. ‘पाच खणांचे घर’ या वर्णनातून घराचा आकार आणि कुटुंबाची ऐपत या दोहोंची कल्पना येते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा किलचण म्हणजे लाकडाच्या लहान चिपा, मग पाला व चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर अशी छताची रचना असते. खालून पाहिल्यास हीच लाकडे छताची नक्षी बनतात. संपन्न घरांत खांब सागवानी असून त्यांची वरची टोके, तुळयांचे हस्त व मुख्य दाराची चौकट यांवर कोरीव काम केलेले आढळते. चौकटीच्या वरच्या पट्टीवर मध्यभागी गणपती कोरण्याची पद्धत असल्याने तिला गणेशपट्टी असे नाव आहे.

मोठ्या वाड्यात प्रवेशद्वारानंतर ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी व सोपे आणि आत माजघर, देवघर व स्वयंपाकघर असा क्रम असतो. लहान घरात ओसरी व माजघर एवढाच विस्तार असतो. दोन्ही प्रकारांत प्रकाश मुख्यतः दारातून, चौकातून किंवा माळवदात ठेवलेल्या झरोक्यातून येतो. बाहेरच्या भिंतीत खिडक्या कमी व लहान असल्याने आतील भाग अंधुक राहतो. पांढऱ्या भिंती, घासलेली पितळी भांडी आणि आरसे यांचे महत्त्व या अंधुकपणात आहे, कारण उपलब्ध प्रकाश परावर्तित करण्याचे काम ते करतात.

भिंतीच्या जाडीतून निर्माण होणारे घटक पुढीलप्रमाणे आहेत:

देवळी: दिवा ठेवण्याचा लहान कोनाडा. वरचा भाग बहुधा कमानदार असतो.
कोनाडा: नित्य वापराच्या वस्तूंसाठीची मोठी पोकळी.
फडताळ: लाकडी झडपा असलेले भिंतीतील कपाट.
बळद: धान्य साठवण्याची भिंतीलगतची किंवा भिंतीतील बंदिस्त जागा. मराठवाड्यात ‘बल्लद’ असाही उच्चार रूढ आहे.
खुंटी: कपडे, पिशव्या व टोपल्या अडकवण्यासाठी बांधकामाच्या वेळीच भिंतीत बसवलेला लाकडी तुकडा.

या सोयींमुळे घरात सुट्या फर्निचरची गरज अल्प असे. जमीन मोकळी राही आणि तीच बसण्याची, जेवणाची, झोपण्याची व दळण-निवडण्याची जागा होई. मातीच्या भांड्यांची उतरंड आणि पितळी हंडे-घागरींची मांडणी या साठवणुकीच्या गोष्टी असल्या, तरी आकारानुसार चढत्या-उतरत्या क्रमाने रचल्यामुळे त्यांना सजावटीचे रूप प्राप्त होते.

रंग

पांढरी माती, चुना, शेण, गेरू आणि नीळ ही पारंपरिक रंगांची मूळ सामग्री होय. भिंती पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने पोतारल्या जातात. भिंतीच्या तळाशी गेरूचा तांबडा पट्टा ओढतात. जमिनीजवळचे डाग व पावसाळी ओल यांमुळे भिंतीचा जो भाग लवकर मळतो, तोच या पट्ट्याने झाकला जातो. जमीन शेणाने सारवून तिच्या कडेने पांढऱ्या रंगाची रेघ काढतात. चुन्यात नीळ किंवा मोरचूद मिसळून निळसर व हिरवट-निळ्या छटा मिळवण्याची पद्धत ग्रामीण भागात दीर्घकाळ प्रचलित होती. दारे-खिडक्यांना हिरवा किंवा निळा तैलरंग देण्याची प्रथा बाजारात तयार रंग मिळू लागल्यानंतर वाढली.

रंगयोजनेचे सूत्र साधे आहे: पार्श्वभूमी पांढरी, लाकूड गडद आणि ठळक रंग केवळ कडांवर, म्हणजे दार, उंबरा, कोनाड्याची किनार व भिंतीचा तळ या ठिकाणी. रंग तीव्र असूनही घर भडक दिसत नाही, ते या मर्यादेमुळे.

रंगांचा धार्मिक व सामाजिक अर्थही महत्त्वाचा आहे. उंबऱ्याला हळद-कुंकू वाहणे, दारावर स्वस्तिक काढणे आणि मंगलप्रसंगी भिंतीवर हातांचे ठसे उमटवणे या प्रथा हिंदू घरांत आढळतात. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, भालदार-चोपदार आणि वधूवरांची नावे रंगवण्याची पद्धत मराठवाड्यात रूढ आहे. भाद्रपदात ज्येष्ठा गौरींचा सण मराठवाड्यात ‘महालक्ष्मी’ या नावाने साजरा होतो. त्या वेळी भरजरी साड्यांचे पडदे व आरास यांमुळे घराचा एक कोपरा काही दिवसांसाठी पूर्णपणे बदलतो. मुस्लिम कुटुंबांच्या घरांत मक्का-मदिनेची चित्रे व अरबी सुलेखनाच्या तसबिरी आढळतात, तसेच हिरव्या रंगास विशेष स्थान असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांत गौतम बुद्ध व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा, निळा रंग आणि पंचशील ध्वजातील पट्ट्यांचे रंग दिसू लागले. निळा, पिवळा, लाल, पांढरा व केशरी या रंगांचा हा ध्वज १८८५ मध्ये तत्कालीन सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेत प्रथम फडकवण्यात आला होता.

वस्त्रे

घरातील सर्वाधिक रंग वस्त्रांतून येतो. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकत्र शिवून तयार केलेली वाकळ किंवा गोधडी हे त्याचे सर्वसामान्य उदाहरण होय. दिवसा घड्या घालून पेटीवर किंवा कोनाड्यात रचलेल्या वाकळांची चळत ही माजघरातील ठळक रंगाची जागा असते.

जिल्ह्यातील तांड्यांवर राहणाऱ्या बंजारा समाजाची भरतकामाची परंपरा स्वतंत्र आहे. लाल, गडद निळ्या व पिवळ्या रंगांच्या कापडावर भौमितिक टाके, आरसे, कवड्या व नाणी यांची जोड देऊन फेटिया, काचळी आणि पिशव्या तयार केल्या जातात. मालवाहतुकीसाठी बैलांच्या तांड्यांसह फिरणाऱ्या समाजाची ही कला असल्याने तिच्यातील वस्तू भिंतीशी बांधलेल्या नसून सहज वाहून नेता येण्याजोग्या असतात. शहरी बाजारात जुन्या बंजारा भरतकामाचे तुकडे उश्यांचे अभ्रे व भिंतीवरील शोभावस्त्रे म्हणून विकले जातात.

आशियाई परंपरांशी संबंध

बीडचा प्रदेश बहमनी, निजामशाही, मुघल व आसफजाही सत्तांच्या अमलाखाली होता. १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता. या दीर्घ संपर्काचा ठसा गृहसजावटीच्या शब्दसंग्रहात दिसतो. दिवाणखाना, पडदा, गालिचा व तक्क्या हे शब्द आणि गुलाबी, अस्मानी, किरमिजी यांसारखी रंगांची नावे फारसी-अरबीमार्गे मराठीत आली. औरंगाबादचे हिमरू हे सुती व रेशमी धाग्यांचे नक्षीदार कापड किनखाबाच्या परंपरेशी जोडलेले आहे. जस्त-तांब्याच्या काळ्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी जडवणारी बिदरची बिदरी कलाही याच दख्खनी-इराणी संपर्कातून घडली.

आशियात इतरत्र माळवदी घराशी साम्य असलेल्या रचना आढळतात. इराणच्या कोरड्या प्रदेशात माती व पेंढा यांच्या गिलाव्याची सपाट छते असतात आणि भिंतीतील कोनाड्यांना ‘ताकचा’ म्हणतात. उझबेकिस्तान व ताजिकिस्तानातील पारंपरिक घरांत रंगीत रजया घडी घालून पेटीवर किंवा भिंतीतील पोकळीत रचतात. जपानी घरातील ‘तोकोनोमा’ या कोनाड्यात एखादे लटकते चित्र व फुलांची रचना एवढेच मांडून उरलेली खोली रिकामी ठेवली जाते. ही सर्व साम्ये थेट देवाणघेवाणीची नाहीत. तोकोनोमाची परंपरा स्वतंत्र आहे, तर कोरड्या प्रदेशांतील रचनांमागे समान हवामान व सामग्री हे कारण आहे. तरीही भिंतीत जागा ठेवून जमीन मोकळी राखणे हा विचार या घरांत समान दिसतो.

भूकंप आणि बदल

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने बीडलगतच्या लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो लोकांचा बळी घेतला. चिखलात रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि अवजड माळवदे झोपेत असलेल्या लोकांवर पडली. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे नवे थर टाकले जात असल्याने अनेक छतांची जाडी अर्ध्या मीटरपेक्षा अधिक झाली होती. काही ठिकाणी भिंती पडूनही लाकडी खांब व तुळयांचे सांगाडे उभे राहिले. यावरून लाकडी सांगाड्याची उपयुक्तता, तसेच बिनबांधणीच्या जाड भिंतींचा व छताच्या भाराचा धोका एकाच वेळी स्पष्ट झाला.

या आपत्तीनंतर मराठवाड्यात माळवदाविषयी भीती निर्माण झाली आणि सिमेंट-काँक्रीट किंवा पत्र्याच्या छताकडे कल वाढला. सागवानी लाकडाची महागाई, दरवर्षी छताची डागडुजी करणाऱ्या मनुष्यबळाची कमतरता आणि एकत्र कुटुंबांचे विभाजन ही बदलाची अन्य कारणे होत. जुन्या वाड्यांचे खांब व चौकटी विकल्या जाऊन शहरांतील उपाहारगृहे व बंगल्यांत शोभेसाठी पोहोचल्या.

स्थलांतराचाही घराच्या अंतर्भागावर परिणाम होतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. नवरात्रापूर्वी घराची साफसफाई व रंगरंगोटी होते आणि दसऱ्यानंतर अनेक घरांना कुलूप लागते. तोडणीच्या हंगामातील पाच-सहा महिने ही कुटुंबे कारखान्यांच्या परिसरातील कोपींत राहतात. भांडी, वाकळा आणि पेटी एवढाच गृहसंसार सोबत जातो.

आधुनिक गृहसजावटीतील उपयोग

नव्या घरांत माळवदी परंपरेचा वापर बहुधा रंगापुरता होतो. ओसरीची जागा घेणाऱ्या बैठकीच्या खोलीत एक भिंत गडद निळी, हिरवी किंवा केशरी रंगवली जाते. वीटकामाची भिंत २३ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची असल्याने तिच्यात खोल कोनाडा काढणे शक्य नसते. काँक्रीटच्या सांगाड्यातील भिंत कोरल्यास तिच्या मजबुतीवर परिणाम होऊ शकतो. यावर पर्याय म्हणून भिंतीसमोर लाकडी किंवा हलक्या विटांचे दुसरे आवरण उभारून त्यात देवळ्या व फडताळे बसवली जातात. गेरूचा तळपट्टा, चुन्याचा गिलावा, शहाबादी फरशी आणि हातमागाची वस्त्रे हे घटक मात्र संरचनेला धक्का न लावता वापरता येतात.

जुन्या वस्तूंचा नव्या घरात पुनर्वापर करण्याची उदाहरणे आशियात अन्यत्रही आहेत. श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी कोलंबोतील स्वतःच्या घरात जुन्या इमारतींतील दारे व खांब अंगण आणि प्रकाश यांच्या रचनेत सामावून घेतले. तेथे या वस्तू केवळ शोभेसाठी न राहता घराच्या मांडणीचा भाग बनतात.

मराठवाड्यातील उरलेल्या माळवदी घरांच्या जतनासाठी छतावरील जादा मातीचे थर काढून भार कमी करणे, भिंतींना आडव्या पट्ट्यांनी बांधून घेणे, दोन पदरी दगडी भिंतींत आरपार जाणारे दगड बसवणे आणि लाकडी सांध्यांना मजबुती देणे हे उपाय केले जातात. या उपायांनंतरही कोनाडे, देवळ्या व उघडी तुळई कायम ठेवता येतात.